आधी स्वतःचं सांगायचं

पहिल्या बैठकीत गट चालवणाऱ्या ताईंनी मला विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

मी म्हणाले, "बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो. पंधरा दिवसांत झोप जरा कमी झालीय, पण डॉक्टरांच्या कानावर घातलंय."

कुणी हसलं नाही. उजवीकडे बसलेले चष्मेवाले गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या तुमचं विचारतायत." मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की सांगण्यासारखं काही हाताशीच नाही. दादाचं वजन, दादाची झोप, पुढची तारीख कधीची, हे सगळं जिभेवर होतं. माझं काय चाललंय हे कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही त्या वाटेला गेले नव्हते. शेवटी म्हणाले, "माझी पाठ दुखते." आणि एकदम रडूच आलं.

२०१९ चा जून. पुण्यातल्या एका शाळेचा वर्ग, रविवारची सकाळ, बाकं भिंतीला सरकवून मध्ये गोल मांडलेल्या नऊ खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसलेला प्रत्येकजण मनोविकार असलेल्या कुणाचा तरी भाऊ किंवा कुणाची तरी बहीण होता. आईवडील नाहीत, नवरा-बायको नाहीत, आजार असलेलं माणूसही नाही. फक्त भावंडं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा गटात विचारलं. इतरांबद्दल जे येईल ते त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने. दादालाही विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव नको. बाकी लिही."

आम्ही साताऱ्याचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घरी. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. राजवाड्यासमोरच्या गांधी मैदानावर त्याने मला सायकल शिकवली, बाबांचीच उंच सायकल, दांड्याखालून पाय घालून कैची मारत. मागे धरलंय असं सांगायचा आणि केव्हाच सोडलेलं असायचं. ही आठवण मी गटात तिसऱ्या की चौथ्या बैठकीत सांगितली. ताईंनी प्रत्येकाला आजाराआधीची एक आठवण सांगायला लावली होती. दहा मिनिटं खोलीत शांतता होती. दोघांना एकही आठवेना. एक मुलगी म्हणाली, "मी चार वर्षांची होते तेव्हापासून ताई आजारीच आहे. मला आधीची ताई मिळालीच नाही." तिचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

१९९८ च्या पावसाळ्यात दादा इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी आला. वीस वर्षांचा होता. रेडिओवर तो टॉवेल टाकून ठेवायचा, कारण त्यातून आपलं नाव घेतात असं त्याला वाटायचं. आईने दिलेलं पाणी आधी हुंगून बघायचा. पुरुषांमध्ये स्किझोफ्रेनिया बहुतेक वेळा याच वयात, विशीच्या आगेमागे सुरू होतो, हे मला फार नंतर कळलं. आमच्या घरात सुरुवात झाली ती "कुणीतरी काहीतरी केलंय" इथून. नरसोबाची वाडी झाली, गाणगापूर झालं, एक देवऋषी झाला. चौदा महिने गेले. मग बाबांच्या शाळेतल्या एका सरांनी बाबांचा हात धरून त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्या सरांचे उपकार आमच्या घरावर आहेत.

त्या चौदा महिन्यांत माझी दहावी झाली. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री दादाने घरातले सगळे बल्ब काढून पोत्यात भरले आणि पोतं उराशी धरून जिन्यात बसला. मी देवघरातल्या समईपाशी बसून नकाशे पाठ केले. सकाळी आईने दही-साखर हातावर ठेवली आणि म्हणाली, "तू तरी शहाण्यासारखी वाग हं."

गटात हे सांगितलं तेव्हा माना हलायला लागल्या. नऊपैकी सात जणांच्या घरी हे वाक्य जसंच्या तसं बोललं गेलं होतं. 'तू तरी.' ते 'तरी' आम्ही सगळे वीस-वीस, तीस-तीस वर्षं वागवत आलोय. तू तरी नीट शीक, तू तरी आम्हाला त्रास देऊ नकोस, तू तरी आजारी पडू नकोस. मला ताप आला तरी मी सांगायची नाही. अकरावीत पायाचं हाड मोडलं तर पहिला विचार आला की आता आईला दोन ठिकाणी बघावं लागेल. आईला मी दोष देत नाही. तिच्याकडे दोनच हात होते आणि ते दोन्ही दादाला धरण्यात गुंतलेले होते.

भावंडांच्या गटाआधी मी आईबरोबर पालकांच्या मेळाव्यांना जायचे. पुणं या बाबतीत भाग्यवान आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ साली इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि कुटुंबांनी एकत्र बसून बोलायचं ही रीत शहरात रुजली. तिथल्या मंडळींच्या तोंडी दोन शब्द आहेत: आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. आईने हे शब्द पहिल्यांदा ऐकले त्या दिवशी एसटीत ती सारखी पुटपुटत होती. शिरवळ येईपर्यंत म्हणाली, "म्हणजे मी पेशंटची आई नाही. मी शुभंकर." इतका बारीकसा बदल, पण त्यानंतर शेजाऱ्यांशी बोलताना तिचा आवाज बदलला.

पण प्रत्येक मेळाव्यात, विषय कुठलाही असो, शेवटी एक प्रश्न यायचाच. आमच्यानंतर कोण? आणि तो प्रश्न आला की खोलीतले सगळे पालक वळून माझ्याकडे बघायचे. एकदा शेजारच्या काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, "तुमचं बरंय, मुलगी आहे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले. हे दोन-तीनदा झालं. आमच्या ताई, म्हणजे सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मनोविकार सामाजिक कार्यकर्त्या, त्यांनी ते हेरलं. जिन्यातच म्हणाल्या, "भावंडांचा वेगळा गट करायचाय. तुम्ही याल का? आईला न घेता."

आईला न घेता घराबाहेर पडायला मला आठ महिने लागले.

गटाचे नियम थोडेच. महिन्याचा पहिला रविवार, दीड तास, फोन दारातल्या टोपलीत. इथलं इथेच राहणार. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. "मी तुमच्या जागी असते तर" हे शब्द तर उच्चारायचेच नाहीत. आणि सुरुवातीच्या फेरीत प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची, पहिलं स्वतःबद्दल, दुसरं भावंडाबद्दल. आधी स्वतःचं सांगायचं. ऐकायला हे पोरकट वाटेल. मला ते पहिलं वाक्य जमायला पाच बैठका लागल्या. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या एका शिक्षकांना तर वर्षभर जमलं नाही. ते दर वेळी "मी..." म्हणायचे आणि थांबायचे, आणि आम्ही सगळे थांबायचो. एका रविवारी म्हणाले, "मी पेटी शिकायला लागलोय." आमच्यातल्या दोघी उठून त्यांच्याजवळ गेल्या.

बाकी वेळेत काय होतं, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. कधी कुणी नुसतं भडाभडा बोलतं. कधी ताई एखादी गोष्ट समजावून देतात. एकदा त्यांनी ब्रिटनमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते बघत होते. त्यांना असं दिसलं की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेल्यांचा आजार जास्त उलटतो, आणि भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा त्या मानाने कमी. त्यातूनच पुढे हे अभ्यासलं गेलं की घरातली सततची टीका, चिडचिड आणि जिवाला चिकटून केलेली काळजी, या तिन्हींचा आजार उलटण्याशी संबंध असतो.

हे ऐकून मला हायसं वाटेल असं ताईंना वाटलं असावं. पण बँकेत असलेली एक बाई ताडकन म्हणाली, "म्हणजे शास्त्रानेसुद्धा त्याला माझ्याच गळ्यात घातलं." ताईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावंड थोडं लांब असतं म्हणून बरं जातं. तुम्ही आई व्हायला गेलात तर तोही फायदा जाईल." मी ते वहीत लिहून घेतलं. कारण मी नेमकी तेच करत होते. पुण्यातून दिवसाला चार फोन, जेवला का, गोळी घेतली का. आठवड्याचा गोळ्यांचा डबा मी इथून भरून पाठवायची. सात झाकणं, सोम ते रवि, प्रत्येक खणात सकाळ-रात्र. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला डबा उघडून दाखवायला लावायची. दादा मागे बसलेला असायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघी त्याचे रिकामे खण मोजायचो.

एकदा कॉलेजात शिकणाऱ्या त्या मुलीने विचारलं, "मलाही होईल का?" या प्रश्नाला गटात बसलेल्या प्रत्येकाने स्वतःशी उत्तरं शोधलेली असतात. ताईंनी आकडे लपवले नाहीत. सर्वसाधारण लोकांत शंभरात साधारण एकाला स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहांना. मुलगी बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, "म्हणजे नव्वदांना होत नाही." मी तिच्या वयाची असताना हे सांगणारं कुणी नव्हतं. एकवीस ते पंचवीस या वयात मी रोज रात्री दिवा मालवला की कान देऊन ऐकायची, आतून कुणी बोलतंय का. पंचविसावा वाढदिवस झाला तेव्हा देवाला नारळ फोडला, सुटले म्हणून. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा थोडा उशिराही सुरू होतो, हे नंतर वाचलं आणि पुन्हा तीन-चार वर्षं कान लावले. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं.

आता कानपिळीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकी सांगण्यात अर्थ नाही.

माझं लग्न २००८ मध्ये झालं. पाहण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी दादाला इस्लामपूरला मावशीकडे पाठवलं होतं. मुलाकडच्यांना सांगितलं, "मोठा मुलगा बाहेरगावी असतो." लग्नालाही त्याला आणलं नाही. त्या महिन्यात तो चांगला होता, गोळ्या नियमित होत्या. आणता आलं असतं. पण लोक काय म्हणतील, ऐनवेळी काही झालं तर, असं म्हणत म्हणत ते ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत मी होते. कानपिळीच्या वेळी भटजींनी विचारलं, "नवरीचा भाऊ कुठाय?" आणि माझा चुलतभाऊ पुढे झाला. त्याने नवऱ्याचा कान पिळला, टाळ्या वाजल्या, त्याला पोशाख मिळाला. त्या फोटोत मी हसतेय. अल्बम मी लग्नानंतर पुन्हा कधी उघडला नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं ते दीड वर्षाने. तो दोन दिवस गप्प होता. राग आजाराचा नव्हता, लपवल्याचा होता, आणि तो राग बरोबर होता.

गटात हे सांगायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. सांगून झाल्यावर मी वाट बघत होते की आता कुणी म्हणेल, तुमचा काय दोष, परिस्थितीच तशी होती. कुणी तसं म्हणालं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "मी माझ्या लग्नात बहिणीला खोलीत कोंडलं होतं. कुलूप मी लावलं." एवढंच. मग आम्ही बराच वेळ तसेच बसलो.

टाळेबंदीत बैठका व्हिडिओवर सुरू झाल्या. तेव्हा कळलं की आमच्यापैकी कुणाच्याही घरात मोकळेपणी बोलायला कोपरा नाही. एकजण पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचा. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून. त्या काळात दादाला क्लोझापिन सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं होतं, कारण त्या औषधाने पांढऱ्या पेशी अचानक उतरू शकतात. साताऱ्यात संचारबंदी, आई सत्तरीची, बाबांना दम. गाडीत बसणाऱ्या त्या मुलाच्या ओळखीचा रक्त घेणारा एक माणूस साताऱ्यात निघाला आणि तो १८ आठवडे घरी येऊन रक्त घेऊन गेला. गटात सल्ला द्यायला बंदी आहे, मदतीला नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. एका बैठकीत एका बाईंनी सांगितलं की त्यांनी भावाला खासगी निवासी केंद्रात ठेवलं. मी पटकन म्हणाले, "कायमचं?" एकच शब्द. पण त्यात जे होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या बाई पुढच्या महिन्यात आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. मी फोन केला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं तेच मला रोज वाटतं, म्हणून लागलं." त्यांच्या भावाने त्यांच्या मुलाला दोनदा मारलं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असायलाच हवं होतं असंही नाही. गटातल्या माणसाने माणसाला तोलायचं नसतं, आणि मी तोललं.

२०२१ मध्ये बाबा गेले. त्यांच्या कपाटात निळी फाईल होती, दादाच्या नावाची. त्यात १९९९ पासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या, पण पुढच्या व्यवस्थेचा एकही कागद नाही. इथे चष्मेवाल्या गृहस्थांनी मला अक्षरशः बोट धरून चालवलं. ते लेखा विभागातून निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलं की आईला आता मिळतंय ते कुटुंब निवृत्तिवेतन तिच्यानंतर दादाला आयुष्यभर मिळू शकतं, मात्र मनोविकारामुळे तो स्वतः कमावू शकत नाही हे प्रमाणपत्राने दाखवावं लागेल, आणि ते आई हयात असतानाच मार्गी लावलेलं बरं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मनोविकार त्यांतला एक आहे. ४० टक्क्यांपासून पुढे लाभ लागू होतात. माझ्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी जुन्या करप्रणालीत मला ७५,००० रुपयांची वजावट मिळू शकते हे मला चाळिशीत कळलं. आणि त्यांनी स्वतःची दोन वर्षं जिथे घालवली तेही सांगितलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो असं एका वकिलाने त्यांना सांगितलं होतं. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्किझोफ्रेनिया त्यात बसतच नाही.

प्रमाणपत्राच्या तपासणीला मी दादाबरोबर गेले. त्यासाठी ठरलेली मोजपट्टी असते: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, असे चार भाग, शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते. डॉक्टर दादाकडे बघून विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. आंघोळ रोज करतो का? "सांगावं लागतं." मित्र आहेत का? "नाहीत." तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगू दे." दादा म्हणाला, "मित्र आहे एक. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. रोज संध्याकाळी बसतो त्याच्याकडे." मला हे माहीत नव्हतं. दिवसाला चार फोन करूनही नव्हतं. निवृत्तिवेतनाचा अर्ज त्या प्रमाणपत्रासह एका कार्यालयात दिलाय. तो अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय.

त्या महिन्याच्या बैठकीत मी म्हणाले, "मला कळत नाहीये की आईनंतर दादाला पुण्याला आणायचं कसं. दोन खोल्यांचं घर, मुलगी आठवीत." ताईंनी विचारलं, "त्यांना यायचंय का?"

मी गप्प झाले. चोवीस वर्षं मी तो बोजा खांद्यावर घेऊन फिरत होते. त्यापायी बदलीची बढती नाकारली होती, दुसरं मूल नको म्हटलं होतं, नवऱ्याशी भांडले होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेले. दादा ओट्यापाशी उभा राहून चहा करत होता. चहा तो चांगला करतो, आलं किसून, उकळी फुटली की गॅस बारीक. मी विचारलं, "दादा, आईनंतर तू माझ्याकडे येशील का राहायला?"

तो गाळणीकडे बघत म्हणाला, "नाही."

"का रे?"

"तू फार मोजतेस."

मी खाली बसले. तो समोर कप ठेवून म्हणाला, "मला इथेच राहायचंय. इस्त्रीवाला आहे इथे. जेवणाचा डबा लावता येईल. गोळ्यांचा खण मी भरीन, तू महिन्यातून एकदा बघ." मग थोडं थांबून, "चिमे, तुझ्या लग्नाची तारीख मावशीच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेली होती. मला माहीत होतं त्या दिवशी."

मी म्हणाले, "दादा, चुकलं माझं."

"हं," तो म्हणाला. "बिस्किट घे."

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा तो भरतो. पहिल्या महिन्यात एकदा गुरुवारची रात्र चुकली. मी काही बोलले नाही, आणि न बोलणं मला फार जड गेलं. आता मी चारऐवजी एक फोन करते, तो संध्याकाळी, आणि पहिलं वाक्य माझ्याबद्दल असतं. आज ऑफिसात अमुक झालं. आज माझी पाठ दुखते. त्यावर तो कधी काही बोलतो, कधी नाही. एकदा म्हणाला, "गरम पाण्याची पिशवी घे. आईची आहे तशी."

सगळं निभावेल असं मी म्हणत नाही. क्लोझापिन चालू असतानाही गेल्या दिवाळीत त्याला आवाज यायला लागले होते, आणि आठवडाभर मी सुट्टी काढून तिथे होते. आई थकलीय. इस्त्रीवाल्याला आम्ही आजाराबद्दल सांगितलं, दादाच्या परवानगीने, आणि माझा नंबर दिला. माझ्या नवऱ्याने आपणहून महिन्यातला एक रविवार घेतलाय. दोघे अजिंक्यताऱ्यावर जातात, फारसं बोलत नाहीत, भेळ खाऊन येतात.

राहिला होता एक कागद. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. स्वतःला ठरवता येणार नाही अशी वेळ आली तर उपचारांच्या निर्णयात साथ देणारं, आपल्या बाजूने बोलणारं माणूस. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. गटात आम्ही तो भाग मोठ्याने वाचला होता. गेल्या महिन्यात मी तो दादाला वाचून दाखवला.

"हे मला भरती करायला का?" त्याने विचारलं.

"नाही. तुला बोलता येत नसेल तेव्हा तुझं म्हणणं मांडायला. कुणाचं नाव घालायचं ते तू ठरव. माझं नको वाटलं तर नको."

तो बराच वेळ पेन फिरवत बसला. मग मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडून त्याच्या त्या तिरक्या, इंजिनिअरिंगच्या अक्षरात लिहिलं. तारीख, स्वतःचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. त्याखाली आणखी एक ओळ घातली: 'आधी मला विचारायचं.' आणि सही केली.

मी कागद घडी करून निळ्या फाइलीत ठेवायला उठले.

"तुझा कुठाय?" दादा म्हणाला.

"माझा?"

"प्रत्येक सज्ञान माणसाला, असं वाचलंस की आत्ता." त्याने वहीचं आणखी एक पान फाडलं, कडा नखाने सरळ केली आणि पेनसकट माझ्याकडे सरकवलं.